लॉखकाठचे रिकामेपण

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘लॉख’ असा एक शब्द आहे. त्याच्या शेवटी येणारा ‘ख’ घशातून घासून काढावा लागतो. आपल्याकडे उर्दूच्या सहवासाने तो अनेकांना साधतो. इंग्रजांना मात्र तो सहसा साधत नाही. डोंगरांच्या कुशीत साठलेल्या गोड्या पाण्याला लॉख म्हणतात आणि समुद्र जमिनीत खोलवर शिरून जी चिंचोळी खाडी तयार होते तिलाही लॉखच म्हणतात. आपण मराठीत तळे, सरोवर, खाडी असे भेद सहज करतो. तेथील माणूस फार तर खाऱ्या पाण्याच्या लॉखला ‘समुद्री लॉख’ म्हणून वेगळे काढील. एरवी पाणी आत आले आणि डोंगरांनी त्याला वेढले की ते लॉख, एवढेच त्याला पुरेसे असते.

या लॉखांची खोली मोजण्याचे एक विलक्षण काम सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांनी १८९७ ते १९०९ या काळात पार पाडले. होडीतून वजन बांधलेली तार पाण्यात सोडायची, ती तळाला टेकली की आकडा लिहायचा आणि होडी थोडी पुढे न्यायची. अशा रीतीने त्यांनी ५६२ लॉख मोजले. वायव्येकडील लॉख अ‍ॅसिंट सुमारे दहा किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल जागी सुमारे ८६ मीटर खोल आहे, हे आपल्याला त्यांच्यामुळे ठाऊक झाले. काठावर उभे राहिलेल्याला मात्र त्या खोलीची कल्पना येत नाही. त्याला दिसतो तो पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यात उतरलेले आभाळ.

हा पृष्ठभाग, हे आभाळ आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले डोंगर आयुष्यभर रंगविणाऱ्या एका चित्रकाराविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. जेम्स मॉरिसन हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १९३२ साली ग्लासगो येथे झाला आणि २०२० साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसेल. मी काही चित्रकलेचा जाणकार नव्हे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, थोडे संगीतही शिकविले. चित्र कसे पाहावे हे कोणी शिकविले नाही. ते मी उतारवयाकडे झुकताना, बऱ्याच अंशी या एका चित्रकारामुळे, शिकू लागलो. त्यामागे एक कारणही घडले. ते पुढे यथावकाश सांगेन.

मॉरिसन यांनी १९५० ते १९५४ या काळात ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. त्यांची सुरुवातीची चित्रे निसर्गाची नाहीत. ती आहेत ग्लासगोच्या जुन्या चाळींची. वालुकाश्मात बांधलेल्या, कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या, तीनचार मजली इमारतींच्या त्या ओळी एका औद्योगिक शहराच्या कष्टकरी वस्त्या होत्या. युद्धोत्तर काळात त्या पाडण्याची मोहीम निघाली आणि तेथील कुटुंबे नव्या उपनगरांत व उंच मनोऱ्यांत हलविली गेली. पाडल्या जाणार असलेल्या या भिंती मॉरिसन रंगवीत होते. त्या चित्रांत माणूस क्वचितच दिसतो. दिसतात त्या खिडक्या, धुराडी, दगडांवरचे डाग. परंतु एखाद्या घराची माणसे नुकतीच उठून गेली असावीत आणि त्यांच्या श्वासाची ऊब अजून तेथे रेंगाळत असावी, तसे काहीसे ती पाहताना वाटते.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘ग्लासगो ग्रुप’ नावाच्या चित्रकार मंडळाच्या स्थापनेत भाग घेतला. त्याच सुमारास ते शहर सोडून पूर्व किनाऱ्यावरील कॅटरलाइन या लहानशा कोळीवाड्यात राहावयास गेले. जोन अर्डली ही थोर चित्रकर्त्रीही तेव्हा तेथेच काम करीत होती. कड्याखाली उसळणारा समुद्र ती वादळात उभी राहून रंगवी. १९६३ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. पुढे १९६५ साली मॉरिसन मॉन्ट्रोझ परिसरात स्थायिक झाले आणि डंडी शहरातील डंकन ऑफ जॉर्डनस्टन कला महाविद्यालयात शिकवू लागले. बावीस वर्षे शिकविल्यानंतर, १९८७ साली, त्यांनी नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य केवळ चित्रांना दिले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. पंचावन्नाव्या वर्षी निश्चित पगार सोडून वाऱ्यापावसात उभे राहण्याचा निर्णय माणूस का घेतो, याचे उत्तर त्यांच्या चित्रांपाशी जाऊनच शोधावे लागते.

स्कॉटलंडचे डोंगर रंगविण्याची परंपरा जुनी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर तिला बहर आला होता. राणीच्या यजमानांनी १८५२ साली बालमोरलची जमीन आणि वाडा विकत घेतला आणि मग हे डोंगर उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यांत येऊन बसले. एडविन लँडसीअर यांचे ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’ हे १८५१ सालचे चित्र पुष्कळांनी बिस्किटांच्या नाहीतर मद्याच्या वेष्टनांवर पाहिले असेल: धुक्यातील शिखरांच्या पार्श्वभूमीवर मान उंचावून उभा असलेला तो बारशिंगा! त्या काळच्या चित्रांत डोंगर एखाद्या नाटकातील पडद्यासारखे असतात; गूढ, भव्य, किंचित रडवेले. पाहणाऱ्याने भारावून जावे अशी त्यांची इच्छा असते.

मॉरिसन यांच्या चित्रांना अशी काही इच्छा नाही. त्यांच्या डोंगरांवर धुके असते ते त्या दिवशी धुके होते म्हणून. त्यांच्या चित्रात आभाळाने बरेचदा निम्म्याहून अधिक जागा घेतलेली असते आणि जमीन खाली एका पट्ट्यात असते. मॉन्ट्रोझ ज्या अँगस परगण्यात आहे तेथील सपाट शेते, त्यांच्या बांधांवरची झाडे आणि वर चाललेली ढगांची मिरवणूक त्यांनी असंख्य वेळा रंगविली. आणि त्याचबरोबर त्यांना ओढ होती वायव्येच्या अ‍ॅसिंट प्रदेशाची. तेथील सूल्व्हन, कॅनिस्प, कुन्याग हे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याचे लॉख यांच्याकडे ते पुनःपुन्हा परतत राहिले.

त्यांची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ते बहुधा उघड्यावर, प्रत्यक्ष जागेवर उभे राहून रंगवीत. कॅनव्हासऐवजी ते लाकडी फळी वापरीत. तिच्यावर खडू आणि सरस यांच्या पांढऱ्या मिश्रणाचा गुळगुळीत लेप आधीच दिलेला असे. त्यावर ते तेलरंग इतके पातळ करून लावीत की एखाद्याला ते जलरंगच वाटावेत. खालचा पांढरा लेप रंगातून झिरपतो आणि त्यामुळे चित्राला आतून उजेड मिळतो. काही ठिकाणी रंगाचे ओघळ तसेच राहिलेले दिसतात. दगड गिरवायला आडवाटेचा एखादा फटकारा, पाण्याला एकच ओली पुसटशी पट्टी. ज्या हवेत दहा मिनिटांत ऊन, सर आणि इंद्रधनुष्य येऊन जाते त्या हवेत रेंगाळून चालत नाही. वारा फळी उलथून टाकायला टपलेला असतो. उन्हाळ्यात वारा पडला की चिलटांचे थवेच्या थवे अंगावर येतात आणि ओल्या रंगातही जाऊन बसतात. अशा स्थितीत काम करणाऱ्याला आपला मनोदय निसर्गावर लादण्याची सवड मिळत नाही. समोर जे आहे ते पाहायचे आणि हात चालू ठेवायचा, एवढेच त्याच्या हाती उरते.

मी अ‍ॅसिंट पाहिले ते २०१६च्या उन्हाळ्यात. स्कॉटलंडमधील एका धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू सुट्टीवर गेले होते आणि त्यांच्या जागी सहा आठवडे उपासनाविधी पाहण्यासाठी मला पाठविण्यात आले होते. रविवारच्या मिस्साला जेमतेम तीसचाळीस माणसे येत. त्यांतली बहुतेक पांढऱ्या केसांची. त्यांच्यात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या घरी जेवावयास गेलो असता भिंतीवर मॉरिसन यांच्या एका चित्राची छापील प्रत पाहिली. खाली करड्या पाण्याची पट्टी, मध्ये एकाकी डोंगर, वर अफाट आभाळ. मी त्यापुढे बराच वेळ उभा राहिलो असेन, कारण गुरुजी म्हणाले, “फादर, हा डोंगर खरोखरच असा आहे. पुढच्या मंगळवारी मी तुम्हाला घेऊन जातो.”

मंगळवारी आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. लॉख अ‍ॅसिंटच्या काठाने रस्ता जातो. पाण्यात शिरलेल्या एका भूशिरावर आर्ड्‌व्रेक किल्ल्याचा एकच बुरूज आणि पडक्या भिंती उभ्या आहेत. तो मॅक्लाउड घराण्याचा किल्ला. १६५० साली पराभूत सेनानी मॉन्ट्रोझ याला येथेच पकडून ठेवले होते आणि येथून त्याला फाशीसाठी एडिंबरोला नेले. उत्तरेला कुन्यागचे कडे. पुढे लॉखइन्व्हरच्या बंदरापाशी गेल्यावर सूल्व्हन दिसतो. त्याची उंची फक्त ७३१ मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्मीही नाही. परंतु सभोवती दुसरा डोंगर जवळ नसल्यामुळे तो जमिनीतून एकाएकी उगवल्यासारखा वाटतो. बंदराकडून पाहावे तर गोल घुमट. बाजूने पाहावे तर लांबलचक कणा. पूर्वेकडून पाहावे तर टोकदार सुळका. समुद्रातून येणाऱ्या नॉर्स खलाशांना तो खांबासारखा दिसला आणि त्यावरून त्याचे नाव पडले.

गुरुजींनी गाडी थांबवून मला पायाखालचा खडक दाखविला. राखाडी, वळ्यावळ्यांचा, कठीण. तो लुइसियन नाइस. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षांपर्यंत जाते. त्याच्यावर सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी लाल वालुकाश्माचे जाड थर बसले. मग हिमनद्यांनी ते बहुतेक खरवडून नेले आणि जे तुकडे उरले तेच हे डोंगर. सूल्व्हन म्हणजे वाहून गेलेल्या एका प्रदेशाचा उरलेला तुकडा आहे. याच परिसरात बेन पीच आणि जॉन हॉर्न या दोन भूशास्त्रज्ञांनी जुने खडक नव्या खडकांवर कसे सरकून बसतात हे तपशिलाने दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासकांची पावले अ‍ॅसिंटकडे वळली.

मी म्हणालो, “किती अस्पर्श भूमी आहे ही! देवाने निर्मिली तशीच राहिली आहे.”

गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग ते मला रस्त्यापासून थोडे आत घेऊन गेले. नेच्यांच्या झुडपांत गुडघाभर उंचीची दगडांची एक आयताकृती रांग होती. तिच्या पलीकडे दुसरी. जरा निरखून पाहिल्यावर उतारावरचे गवत समांतर वरंब्यांनी उठलेले दिसले. “ही घरे होती,” गुरुजी म्हणाले, “आणि ते वरंबे बटाट्याच्या नाहीतर जवाच्या शेतीचे. माझ्या पणजीचे आजोबा अशाच एका गावातून हाकलले गेले. तुम्ही ज्याला अस्पर्श म्हणता, फादर, ते रिकामे केलेले आहे.”

इतिहास असा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तर स्कॉटलंडच्या जमीनदारांना मेंढ्यांत अधिक पैसा दिसू लागला. अ‍ॅसिंट हा सदर्लंडच्या काउंटेसच्या विशाल जहागिरीचा भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या जहागिरीतील दऱ्याखोऱ्यांतून हजारो कुळांना उठविण्यात आले. त्यांच्या गुरांच्या कुरणांवर मेंढ्या आल्या. कुळांना किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यांत तुकडे देण्यात आले. मासेमारी करा, शेवाळ जाळा, जगा. पुष्कळांनी अमेरिका खंडाची वाट धरली. स्ट्रॅथनेव्हरमध्ये घरांची छपरे जाळण्यात आली. त्या प्रकरणी जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली इनव्हर्नेस येथे खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. या सर्व घटनांना इतिहासात ‘हायलंड क्लिअरन्सेस’ म्हणतात. क्लिअरन्स म्हणजे साफसफाई. माणसे हा जणू केरकचराच होता!

लँडसीअर यांचा बारशिंगा आणि राणीच्या काळातील ते भव्य डोंगर यांचा अर्थ मला त्या दिवशी वेगळा लागला. माणसे गेली, नंतर मेंढ्यांचाही भाव पडला आणि मग त्याच जमिनी शिकारीसाठी राखल्या गेल्या. ज्याला रोमँटिक चित्रकार रानटी एकांत म्हणत होते तो एकांत एका पिढीपूर्वीच तयार करण्यात आला होता.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. ज्या सौंदर्याच्या मुळाशी अन्याय आहे त्या सौंदर्याचा आनंद घ्यावा की घेऊ नये? मॉरिसन यांच्या चित्रांपुढे उभा राहून मी जी शांती अनुभवली ती खरी की भ्रामक? मायदेशी परतल्यावरही हा प्रश्न सुटला नाही. पुस्तकांतून, मित्रांनी पाठविलेल्या प्रदर्शन-पत्रिकांतून मी त्यांची चित्रे पाहत राहिलो आणि प्रश्न बाजूला बसून राहिला.

आता ते दुसरे कारण सांगतो. चार वर्षांपूर्वी नवीन चष्म्यासाठी म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांतील दाब मोजला, पडदा तपासला आणि आणखी एक चाचणी करावयास सांगितले. या चाचणीत हनुवटी एका यंत्रावर टेकवून समोरच्या ठिपक्याकडे टक लावून पाहायचे असते. आजूबाजूला बारीक प्रकाशबिंदू चमकतात. दिसला की हातातील बटण दाबायचे. मी प्रामाणिकपणे बटण दाबीत राहिलो आणि मला वाटले, चाचणी उत्तम झाली. मग डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. डाव्या डोळ्याच्या वरच्या कडेला कमानीसारखा एक काळा डाग छापला होता. “तेथेही दिवे लागत होते, फादर. ते तुम्हाला दिसले नाहीत.” निदान होते काचबिंदू.

मी विचारले, “पण मला तर काळे काहीच दिसत नाही. सगळे पूर्ण दिसते.” तेव्हा त्यांनी जे समजावून दिले ते मी विसरू शकत नाही. काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू निकामी होते आणि दृष्टी बहुधा कडेपासून जाऊ लागते. परंतु जेथली दृष्टी गेली तेथे काळोख दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग, आजूबाजूची रेषा घेऊन ती रिकामी जागा भरून काढतो. चित्र अखंड भासते. म्हणून रोगी वर्षानुवर्षे डॉक्टरकडे येत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपता येते.

न दिसणे हे दिसत नाही. रात्री खोलीत थेंब घालून डोळे मिटून पडलो असता हे वाक्य मनात घोळत राही, आणि अशाच एका रात्री मला अ‍ॅसिंटच्या उतारावरचे ते वरंबे आठवले. मीही तेथे उभा राहून ‘अस्पर्श’ म्हणालो होतो. माझ्या डोळ्यांपुढे पाडलेली घरे होती आणि माझ्या मेंदूने आजूबाजूचे गवत, आजूबाजूचा डोंगर घेऊन ती जागा सुंदर रीतीने भरून काढली होती. चित्र अखंड होते. समाजाच्या दृष्टीलाही असा काचबिंदू होत असावा. ज्यांना उठविले गेले त्यांच्या जागी काळा डाग राहत नाही. तेथे कालांतराने निसर्ग दिसतो, उद्यान दिसते, एखादी नवी वसाहत दिसते. जे गेले त्यांची उणीव भासत नाही, हीच त्यांच्यावरील अन्यायाची शेवटची पायरी.

याच सुमारास मी अँथनी बॅक्स्टर यांनी मॉरिसन यांच्यावर केलेला ‘आय ऑफ द स्टॉर्म’ हा माहितीपट पाहिला. तो २०२१ साली, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर, प्रदर्शित झाला. चित्रीकरण मात्र त्यांच्या अखेरच्या काळातले आहे. तेव्हा त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. ज्या माणसाने आयुष्यभर पाहण्याचेच काम केले त्याच्या डोळ्यांपुढून जग ओसरत होते. १९९०च्या दशकात ते कॅनडाच्या अतिउत्तरेला, आर्क्टिक प्रदेशात, अनेकदा गेले होते. हिमनगांपुढे, मावळत नसलेल्या सूर्याच्या उजेडात फळी मांडून त्यांनी चित्रे काढली होती. त्या प्रवासातील प्रसंग माहितीपटात हलत्या रेखाचित्रांच्या साहाय्याने दाखविले आहेत. ते पाहताना मला कळून चुकले की मी एका चित्रकाराकडे पाहत नसून, माझ्या पुढे काही अंतरावर त्याच वाटेने चाललेल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे पाहत आहे. त्यांचा विकार कोणता होता हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण होता. उजेड कमी होत असताना माणूस कसा वागतो, हे मला पाहायचे होते. ते आपल्या कामाविषयीच बोलत होते.

त्यानंतर मी त्यांची अ‍ॅसिंटची चित्रे पुन्हा काढून बसलो आणि माझा जुना प्रश्न हळूहळू उलगडू लागला. लँडसीअर आणि त्यांच्या काळातील चित्रकारांनी रिकामी जागा भरून काढली होती: बारशिंग्याने, वादळाने, नाट्याने. ते मेंदूचे काम होते. मॉरिसन ती जागा भरत नाहीत. रंगाखालचा पांढरा लेप उघडा राहतो. आभाळाखाली जमिनीचा एक पातळ पट्टा आणि त्यावर कोणीही नाही. त्यावर पश्चात्तापाचे अश्रू नाहीत आणि ‘किती रम्य एकांत’ असा हुंकारही नाही. ग्लासगोच्या चाळी रंगविताना ज्या डोळ्याने त्यांनी माणसे गेलेल्या खिडक्या पाहिल्या, तोच डोळा येथेही आहे असे मला आता दिसते. चित्र काही सांगत नाही. पण ते लपवीतही नाही. रिकामे ते रिकामे ठेवते. म्हणून त्याच्यापुढे उभा राहणारा, गुरुजींसारखा कोणी सोबतीला असेल तर, विचारू शकतो: येथे कोण होते?

तेव्हा आनंद घ्यावा की घेऊ नये या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की घ्यावा. परंतु विचारणे सोडू नये. डोंगराने कोणाला हाकलले नाही. शंभर कोटी वर्षांच्या वालुकाश्माला कुळे आणि जमीनदार यांतील भेद ठाऊक नाही. त्याचे सौंदर्य खरे आहे. त्याच्या पायथ्याशी पडलेली दगडांची रांगही तितकीच खरी आहे. यांतले एक पाहण्यासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत असेल, तर आपल्या दृष्टीचा तेवढा भाग गेला असे समजावे.

या कथेला पुढचा अध्यायही आहे आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८६च्या कायद्याने त्या किनारपट्टीच्या कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचे संरक्षण मिळाले. पण मालकी दूरच्या धन्यांचीच राहिली. १९९२ साली लॉखइन्व्हरच्या उत्तरेकडील जहागिरीची मालक कंपनी दिवाळ्यात निघाली आणि जमीन पुन्हा बाजारात आली. तिचे तुकडे करून विकण्याचा बेत होता. तेव्हा तेथील छोट्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ‘अ‍ॅसिंट क्रॉफ्टर्स ट्रस्ट’ स्थापन केला, घरोघरी आणि देशोदेशी वर्गणी मागितली आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये सुमारे २१,००० एकर जमीन तीन लाख पौंडांना विकत घेतली. ज्यांच्या पूर्वजांना मेंढ्यांसाठी किनाऱ्यावर ढकलले होते त्यांची नावे अखेर मालकीच्या कागदावर चढली. सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको! या घटनेने साऱ्या स्कॉटलंडचे लक्ष वेधले. २००३ साली तेथील संसदेने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि २००५ साली स्थानिक लोकांच्या दुसऱ्या एका संस्थेने आणखी सुमारे ४४,००० एकर जमीन विकत घेतली. त्यात सूल्व्हन डोंगरही आला. मॉरिसन यांनी जो डोंगर इतक्या वेळा रंगविला तो आता त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा आहे.

गुरुजींचे मध्यंतरी पत्र आले. त्यांचे वय आता पंचाऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांनी गाडी चालविणे सोडले आहे. ज्या उतारावर आम्ही गेलो होतो तेथे कुंपण घालून बर्च आणि रोवनची रोपे लावली आहेत, असे त्यांनी कळविले. मेंढ्या आणि हरणे यांच्यामुळे जे रान दोनशे वर्षे उगवू शकले नव्हते ते आता कुंपणाच्या आत गुडघाभर झाले आहे. माणसे परत येतील की नाही ते सांगता येत नाही, असेही त्यांनी पुढे लिहिले आहे. शाळेत मुले कमी आहेत आणि घरांच्या किमती सुट्टीसाठी येणाऱ्यांनी वाढवून ठेवल्या आहेत. त्यांच्या पत्रात सुस्कारा नव्हता. वर्गात हजेरी घ्यावी तशी ती नोंद होती.

माझ्या डोळ्यांतील दाब सध्या आटोक्यात आहे. दर सहा महिन्यांनी मी हनुवटी यंत्रावर टेकवितो आणि बटण दाबतो. डाग वाढलेला नाही, असे डॉक्टर सांगतात. मिस्सा अर्पण करताना डाव्या बाजूच्या शेवटच्या बाकांकडे पाहावयाचे असेल तर मी आता मान पूर्ण वळवितो. पूर्वी तशी वळवीत नसे. नजरेच्या कडेने सारे दिसतेच असे मानीत असे. त्या बाकांवर बहुधा उशिरा येणारे बसतात, कोणाशी न बोलता लवकर निघून जाणारे बसतात, आणि गेल्या काही वर्षांत आपल्या भागात भाड्याच्या खोलीत राहावयास आलेली, नावे ठाऊक नसलेली कुटुंबे बसतात. मान वळविल्याने त्यांतले पुष्कळ चेहरे ओळखीचे झाले.